सहलीच्या यादीबाहेरची मुले

दिवाळीची सुटी संपली की पनवेलच्या महाविद्यालयांतील सूचनाफलक पुन्हा भरू लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर, निसर्गमंडळाची कर्नाळ्याची फेरी, क्रीडाविभागाचे गिरिभ्रमण अशा सूचना एकामागून एक लागतात. त्यांच्याखाली नावे लिहिली जातात आणि आठवड्याभरात यादी पूर्ण होते. मात्र प्रत्येक वर्गात काही नावे अशी असतात, की ती तीन वर्षांत एकदाही या यादीत चढत नाहीत. त्यांना कुणी नाकारलेले नसते. त्यांनी नाव दिलेलेच नसते.

पायात कॅलिपर घालून चालणारी मुलगी, ठरावीक आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारा थॅलेसेमियाग्रस्त मुलगा, जाड भिंगांतूनही फळ्यावरचे न दिसणारा विद्यार्थी, ऐकू कमी येत असल्यामुळे घोळक्यात मागे पडणारी विद्यार्थिनी, दम्याचा पंप खिशात लपवून ठेवणारा, गर्दीत छातीत धडधड सुरू होते म्हणून प्रत्येक कार्यक्रम टाळणारा, अशी ही नावे. आणि याच यादीबाहेर आणखी एक नाव असते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या, कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरातील मुलाचे. शिबिरात रात्री नऊला बटाट्याची भाजी आणि पोळी वाढली जाणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तोही घरी राहतो.

ही शेवटची अडचण आधीच्या अडचणींच्या शेजारी मांडणे कुणाला विचित्र वाटेल. एक शरीराची आहे, दुसरी स्वेच्छेने पाळलेल्या नेमाची. दोहोंचे दुःख सारखे नाही, हे उघड आहे. पण अनुभवाचा एक धागा समान आहे. कार्यक्रम आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी होता तो आपण नव्हे, हे कळण्याचा तो अनुभव. ‘तुझा डबा तू घेऊन ये’ हे वाक्य ऐकत ज्या घरांतील मुले वाढली, त्या घरांना ‘तू बसमध्येच थांब’ या वाक्यातील बोच इतरांपेक्षा लवकर समजावी.

दाराशी असलेले रान

पनवेल हे जुने बंदर आणि जुनी पेठ. येथील नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वरचा कारखाना येथे १८७२ मध्ये उभा राहिला, त्यामुळे आरोग्याचा विचार या गावाला नवा नाही. गेल्या तीन-चार दशकांत मात्र गावाभोवती इमारतींचे एक नवे शहर उभे राहिले. शिकवणीचे वर्ग, मोबाइल, लोकल आणि चौदाव्या मजल्यावरचे घर यांत तरुणांचा दिवस संपू लागला. तरीही या शहराला एक भाग्य लाभले आहे. मुंबई-गोवा महामार्गावर अवघ्या बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचे अभयारण्य आहे.

१९६८ मध्ये पक्ष्यांसाठी राखलेले हे रान आरंभी साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते; पुढे ते १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले. रानाच्या माथ्यावर कर्नाळा किल्ला आणि त्याचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका. कोकणच्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. जवळच्या शिरढोण गावी जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. मालाच्या वाटेवरचा पहारा म्हणजे काय, हे पेठेतील माणसांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

किल्ल्यापर्यंतची चढण खडी आहे. वाटेत झाडांची मुळे आणि सुटे दगड आहेत. पण कर्नाळा म्हणजे केवळ किल्ला नव्हे. पायथ्याच्या रानात सावली आहे, निसर्गवाटा आहेत, दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. स्वर्गीय नर्तक, शामा, भृंगराज यांसाठी लोक दुरून येथे येतात. आणि पक्षिनिरीक्षणाचा एक नियम असा आहे, की जो भराभर चालतो त्याला पक्षी दिसत नाहीत, जो स्थिर बसतो त्याच्यासमोर ते येतात. व्हीलचेअरवर बसलेला विद्यार्थी येथे मागे पडलेला नसतो, उलट तो योग्य जागी असतो. ज्याला दिसत नाही त्याचा कान डोळस माणसापेक्षा सरावलेला असतो. पानांआडचा पक्षी शिळेवरून ओळखण्यात तोच पुढे जाण्याचा संभव अधिक.

कर्नाळ्याच्या संवर्धनाशी मारुती चितमपल्ली यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सालिम अलींची गोष्ट व्यापारी घरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. मुंबईच्या बोहरा समाजातील या मुलाला तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने इतके ग्रासले, की वर्गात बसणे अशक्य होई. कोरड्या हवेचा गुण येईल म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे तो ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात गेला आणि तेथे हिशेबापेक्षा रानात अधिक रमला. १९१७ मध्ये परतल्यावर त्याला दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकण्यास घातले. त्याच काळात सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्याचा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्राची वाट दाखवली. आजच्या भाषेत बोलायचे तर ‘वर्गात न बसवणारा’ हा विद्यार्थी होता. त्याला मोकळ्या हवेतून वगळले असते तर भारतीय पक्षिशास्त्राचे काय झाले असते, हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

वाट कशी आखली जाते

सर्वांना सामावून घेणारे असे कार्यक्रम महाराष्ट्रात प्रत्यक्ष चालतात. पुण्यातील दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूमुळे एकोणिसाव्या वर्षी गेली. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले, भारतातील एकट्याने पॅराग्लायडिंग करणारे पहिले अंध वैमानिक म्हणून ओळखले गेले, आणि २०१४ मध्ये त्यांनी ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. २०१६ मध्ये ते मनाली ते खारदुंगला हा प्रवास जोडसायकलवरून करून आले. या संस्थेची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे अपंगांसाठी वेगळी सहल निघत नाही. अपंग आणि धडधाकट अशा दोघांना एकाच दोरीवर, एकाच सायकलवर, एकाच वाटेवर आणले जाते. जोडसायकलवर पुढचा पाहतो आणि दोघेही पायडल मारतात. मागच्याने जोर लावला नाही तर चढावर पुढच्याचा दम निघतो. दयेला तेथे फारशी जागा उरत नाही.

मोठ्या शिखरांच्या बातम्या सर्वांच्या वाचनात येतात. २५ मे २००१ रोजी अमेरिकेचे एरिक वाइनमायर हे एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले अंध गिर्यारोहक ठरले. हिमाचलातील किन्नौरची छोंझिन आंगमो ही आठव्या वर्षी दृष्टी गमावलेली मुलगी. दिल्लीत शिकली, युनियन बँकेत नोकरीस लागली आणि १९ मे २०२५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. या बातम्या आनंदाच्या खऱ्याच, पण त्यांचा एक दुष्परिणामही होतो. घरच्यांना वाटते, एवढे धाडस असणारी माणसे वेगळीच; आपल्या मुलाचे ते काम नव्हे. खरे पाहता पनवेलच्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला एव्हरेस्टशी काही कर्तव्य नाही. त्याला मित्रांबरोबर कर्नाळ्याला एक सकाळ घालवायची आहे. वाइनमायर यांच्याकडून घ्यायची ती एक लहानशी युक्ती: पुढे चालणाऱ्याच्या सामानाला बांधलेली घंटा. तिच्या आवाजावर मागचा पाऊल टाकतो. ही घंटा पनवेलच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळेल.

अशी सकाळ आखण्यात मोठी विद्या नाही, पण चिकाटी लागते. ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांनी आधी दोनदा त्या जागी जाऊन यावे लागते. बस कोठे थांबेल, तेथून पहिली सावली किती पावलांवर, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती, उंबरा किती उंच, वाट कोठे अरुंद होते, कोठून पुढे चाके जाणार नाहीत, हे पाहून लिहून काढावे लागते. ज्यांना अनोळखी जागी घाबरायला होते, त्यांना त्या जागेची छायाचित्रे आणि दिवसाचा क्रम आठवडाभर आधी दाखवला की निम्मी भीती ओसरते. स्वमग्न विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक ठरते.

मग जोड्या. दृष्टिहीन विद्यार्थ्याला हाताला धरून ओढत नेणे ही सर्वांत सामान्य चूक. त्याने जोडीदाराचे कोपर धरायचे असते, म्हणजे पुढच्याच्या शरीराची हालचाल त्याला कळते. अरुंद वाटेवर दोघांनी एकच काठी पुढे-मागे धरावी. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, म्हणून उतरतीला दुप्पट वेळ धरावा. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला रांगेच्या शेवटी ठेवू नये आणि सूचना त्याच्याकडे तोंड करूनच द्याव्यात. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाची साखर चालण्याने खाली येते. त्याच्याजवळ आणि जोडीदाराजवळ, दोघांजवळ ग्लुकोज असावे आणि घाम, थरथर, बोलण्यातील गोंधळ ही लक्षणे जोडीदाराला माहीत असावीत. थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त घेण्याची तारीख जवळ येऊ लागली की थकवा वाढतो. म्हणून सहलीचा दिवस ठरवण्यापूर्वी त्याला तारीख विचारली आणि डॉक्टरांशी बोलून रक्त घेतल्यानंतरच्या दिवसांत फेरी ठेवली, तर तोच मुलगा इतरांच्या बरोबरीने चालतो. दिवस बदलण्यास एक रुपयाही लागत नाही.

सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हा संपूर्ण गटाचा वेग, हा नियम मात्र प्रारंभीच जाहीर करावा लागतो. तो काही धडधाकट मुलांना जाचक वाटतो. त्यांना किल्ला गाठायचा असतो. यावर उपाय सोपा आहे. सकाळचे पहिले दोन तास सर्वांनी एकत्र पायथ्याच्या रानात घालवायचे. त्यानंतर ज्यांना किल्ल्यावर जायचे त्यांनी अनुभवी वाटाड्याबरोबर जावे आणि उरलेल्यांसाठी त्याच वेळात तितकाच रंगतदार कार्यक्रम असावा. ‘उरलेल्यांनी’ सामानाची राखण करायची, असे ठरले की सगळा बेत फसला म्हणून समजावे.

जागा निवडण्यातही विवेक हवा. प्रबळगडाशेजारच्या कलावंतिणीच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांची छायाचित्रे तरुणांना भुरळ घालतात, परंतु त्या वाटेवर दोन माणसे एकमेकांना धड ओलांडू शकत नाहीत. पावसाळ्याचा मोहही आवरावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसाळवाडीवर कोसळलेली दरड याच डोंगररांगांच्या परिसरातील आहे. चातुर्मासात पायी विहार थांबतो आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होतो. सह्याद्रीत चालण्याचा सुरक्षित हंगामही साधारण तेव्हाच उघडतो, हा योगायोग मोठा सोयीचा आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठी मोहोळे असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या बिथरतात. ज्या घरांत मधही वर्ज्य आहे, त्या घरच्या मुलांनी गटातील इतरांना ही गोष्ट समजावून सांगण्याचे काम आनंदाने अंगावर घ्यावे.

मुक्कामी शिबिरासाठीही फार दूर जाण्याचे कारण नाही. कर्नाळ्याच्या पुढे तारा येथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. डॉ. जी. जी. परीख यांच्या नेतृत्वाखाली तेथे तरुणांची शिबिरे भरत आली. खेड्याचे जीवन, ग्रामोद्योग आणि श्रम यांची ओळख शहरी विद्यार्थ्यांना करून देण्याची तेथील परंपरा जुनी आहे.

फॉर्ममधील कोरा रकाना

एवढी आखणी झाली तरी कार्यक्रम एका ठिकाणी अडतो. सहलीच्या संमतिपत्रात एक रकाना असतो: ‘विद्यार्थ्यास काही आजार असल्यास नमूद करावे’. बहुतेक फॉर्मांत तो कोरा येतो किंवा तेथे ‘नाही’ असे लिहिलेले असते. ते सदैव खरे असते असे नाही.

हा रकाना कोरा का राहतो, हे व्यापारी घरांत वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मुलीला अपस्मार आहे, मुलाला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, थॅलेसेमियाचा अहवाल चांगला नाही, ही वार्ता पेठेत पसरली की सोयरिकीच्या गोष्टी थांबतात. केवळ त्या मुलाच्याच नव्हेत, त्याच्या धाकट्या बहिणीच्याही. समाज लहान असतो, प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या ओळखीचे कुणी ना कुणी पाहुण्यांपैकी निघतेच. म्हणून आई-वडील दोनांपैकी एक मार्ग पत्करतात. एक तर मुलाला पाठवतच नाहीत, ‘दुकानात माणूस नाही’ हे कारण पुढे करतात. किंवा पाठवतात आणि लिहीत नाहीत. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा. अपस्माराची माहिती असेल तर त्या मुलीला कड्याच्या बाजूने चालू दिले जाणार नाही, पाण्यात एकटीला उतरू दिले जाणार नाही, झटका आल्यास तोंडात चमचा कोंबण्याचा किंवा हातपाय दाबून धरण्याचा अडाणी उपाय कुणी करणार नाही. तिला कुशीवर वळवून, डोक्याखाली काही मऊ ठेवून, वेळ मोजत थांबायचे, हे जोडीदाराला शिकवलेले असेल. माहिती नसेल तर यांपैकी काहीच होत नाही.

आई-वडिलांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना उपदेश करून हा रकाना भरणार नाही. तो भरेल अशी व्यवस्था महाविद्यालयानेच केली पाहिजे. आजाराची माहिती संमतिपत्रावर नको. ती वेगळ्या बंद पाकिटात, एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे, शक्यतो डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे द्यावी. जोडीदाराला आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. काय दिसल्यास काय करायचे, एवढेच पुरते, आणि तेही त्या विद्यार्थ्याच्या संमतीने. सहल संपल्यावर पाकीट परत मिळावे. सोने गहाण ठेवून घेणाऱ्या पेढीवर गिऱ्हाइकाचे नाव दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळत नाही. गुप्ततेचा तोच रिवाज येथे पाळला गेला, तर फॉर्म खरे येऊ लागतील.

कायद्याची बाजू आता भक्कम आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हेही त्यांत आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद त्यात आहे. करमणूक आणि क्रीडा यांतील सहभागाविषयीची कलमेही आहेत, पण त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची शारीरिक क्षमता, क्रीडा आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग अशा सहअभ्यासक्रमांना श्रेयांकही मिळू लागले आहेत. येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. जोवर शिबिर ऐच्छिक होते तोवर न जाण्याने केवळ आनंद बुडत होता. आता न जाणाऱ्याचे गुणही बुडू शकतात. दोन वर्षांत २४० तासांची सेवा ही रासेयोची अट. डोंगरावर न जाऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला ती पूर्ण करण्याची सन्मानाची वाट महाविद्यालयाने आधीच दाखवायला हवी, शेवटच्या सत्रात दयेपोटी सही करून नव्हे.

जेवण आणि रविवार

शिबिराचे जेवण हा लहान विषय वाटतो, पण त्यावर पुष्कळ नावे गळतात. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी ठेवले तर सर्वांचाच फायदा आहे. अंधार पडण्याआधी चूल विझते, भांडी घासून होतात, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला जेवणाची निश्चित वेळ मिळते आणि रात्र गप्पागाण्यांना मोकळी राहते. मुगाची खिचडी, कढी, पापड, दुधीची किंवा तोंडल्याची भाजी यांनी पंगत भरते. बटाटा आणि कांद्यावाचून कुणाचे अडत नाही. उकळून गार केलेले पाणी तर प्रत्येकालाच हितकर. एका गटाच्या नेमासाठी केलेली सोय इतरांच्या उपयोगी पडते, तशीच एकाच्या व्हीलचेअरसाठी टाकलेली उतरती फळी जड पातेली वाहणाऱ्यांच्या कामी येते.

रविवारचेही तसेच. सहली रविवारी निघतात आणि पेठेतील अनेक दुकानांत गर्दी रविवारीच असते. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला त्या दिवशी सुटी मिळत नाही. वर्षातून दोन फेऱ्या बाजार बंद असलेल्या वारी ठेवल्या, तर हीही मुले येतील. घरातील वडीलधाऱ्यांनीही वर्षातून दोन सकाळी गल्ला स्वतः सांभाळण्यास हरकत नसावी.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असे हिशेबी मन विचारतेच, आणि ते रास्त आहे. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटे झाडाझुडपांत, मोकळ्या निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही वेळ एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फारसा फरक पडला नाही. दीर्घ आजार असलेल्यांतही हेच चित्र दिसले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, एवढे भान ठेवूनही तिची दखल घ्यावी लागते. जपानने तर १९८२ पासूनच रानात शांतपणे वेळ घालवण्याचा सरकारी पुरस्कार चालवला आहे.

व्यापाऱ्यांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण ब्रिटनचे. दुसऱ्या महायुद्धात ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना एक गोष्ट खटकत होती. जहाज बुडाल्यावर होड्यांतून तरंगताना धडधाकट तरुण खलाशी धीर सोडत आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठे टिकून राहत, असे त्यांचे मत झाले होते. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्याबरोबर त्यांनी १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी शाळा काढली. तिचे ‘आउटवर्ड बाउंड’ हे नाव बंदर सोडून निघालेल्या जहाजावरून पडले. एका जहाजमालकाने स्नायूंऐवजी मनाच्या बळात भांडवल गुंतवले, ते पुढे जगभर पसरले.

मनाच्या बळाची गरज आज किती आहे, हे आकडेच सांगतात. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. डोंगरावरील एक सकाळ हा नैराश्यावरचा औषधोपचार नव्हे. तसे कुणी सांगत असेल तर ते मानू नये. ज्याला उपचारांची गरज आहे त्याला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा. फेरीचा उपयोग त्याच्या आधीच्या टप्प्यावर होतो. बंद खोलीत ‘बरं आहे’ एवढेच उत्तर देणारा मुलगा जोडीदाराबरोबर दोन तास चालताना, एकमेकांकडे न पाहता, काही वेगळे बोलून जातो. पुष्कळदा घरच्यांना त्रासाची पहिली कुणकुण मित्राकडूनच लागते. तो मित्र आधी जोडला गेलेला असावा लागतो.

खर्चाचा आकडा मोठा नाही. बस, जेवण, प्रथमोपचाराची पेटी, उतरती फळी, काही दुर्बिणी आणि एक परिचारिका. पेठेतील दोन-तीन पेढ्यांनी मिळून एका महाविद्यालयाची वर्षभराची सोय सहज करावी एवढाच. मात्र देणगीदारांनी फलक घेऊन दिव्यांग मुलांसोबत छायाचित्रे काढण्याचा आग्रह धरू नये. ज्यांची नावे बंद पाकिटात ठेवायची, त्यांचे चेहरे वर्तमानपत्रात छापून आणले तर पुढच्या वर्षी पाकिटे येणार नाहीत. देणाऱ्याने हवे तर स्वतःच्या मुलाला जोडीदार म्हणून पाठवावे.

वेळापत्रकाकडेही पाहिले पाहिजे. शिबिर डिसेंबरात असेल तर अर्ज दिवाळीनंतर फलकावर लावून चालत नाही. दोन पाहणी-फेऱ्या, जोड्या लावणे, डॉक्टरांचे मत, वन विभागाकडून वेळा आणि नियम विचारून घेणे यांना सहा आठवडे सहज जातात. अर्ज सुटीपूर्वीच हाती पडले, तर लक्ष्मीपूजनाची धांदल उरकल्यावर घरातील मोठ्यांसमवेत बसून त्या रकान्यात काय लिहायचे, हे ठरवण्यास मुलांना आठ-दहा दिवस मिळतात.